गंगूचा डावा पाय

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र व्हायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. आमच्या टेबलावर एक हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धी राक्षस अर्धी माणूस, म्हातारी आहे, गंगू. वय साठीच्या पुढे, पूर्वी कुठल्यातरी राजाच्या सैन्यात भटारखाना सांभाळायची, आता क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करते, देवाचं नाव घेते आणि मंत्र फसला की त्याच देवाला शिव्या घालते. तिला खेळतो तो सावईवेऱ्याचा पंचविशीतला पोरगा, फोंड्यात मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात असतो, एरवी त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे म्हणजे आपलाच घसा सुकतो. पण गंगूची पाळी आली की हा खुर्चीत पुढे सरकायचा, डावा खांदा खाली सोडायचा, ओठ एका बाजूने वर खेचायचा आणि घोगऱ्या आवाजात "बाजूला व्हा रे पोरांनो" असं काही म्हणायचा की समोर बसलेले आम्ही खरंच खुर्च्या मागे घ्यायचो. आणि गंगू कुठे जायला निघाली की त्याची दोन बोटं टेबलावरून चालायची, एक टेकायचं, दुसरं मागून ओढत यायचं. ती लंगडते असं त्याने कधी सांगितलं नव्हतं, कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावरही कुठे लिहिलेलं नव्हतं. पण आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. एकदा दोरीचा पूल ओलांडायचा होता तेव्हा डीएमने, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवतो त्याने, स्वतःहूनच सांगून टाकलं, गंगूला वेळ लागेल, तुम्ही पुढे व्हा.

जुलैत मी तिचं चित्र काढलं. त्यानेच मागितलं होतं, वेळ मिळाला तर काढ गे, असं मान खाली घालून. एका शनिवारी प्लास्टिकच्या फोल्डरात घालून, फोल्डर पिशवीत घालून, पिशवी रेनकोटच्या आत धरून नेलं. शाईची रेघ, वर वॉटरकलर, हिरवट करडी कातडी, एक सुळा तुटका, हातात गदेऐवजी लोखंडी पळी, केसांत आबोलीचा वळेसर, कारण ऑर्क झाली म्हणून काय झालं, फोंड्याच्या टेबलावरची बाई आहे ती. आणि उभी ताठ. सगळ्यांच्या हातातून फिरलं, कौतुक झालं, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याने बराच वेळ हातात धरून ठेवलं, भारी काढलंस म्हणाला, आणि तिथल्या तिथे फोटो काढून डीपीला लावला. पुढच्या शनिवारी गंगू बोलायला लागली तेव्हा खांदा खाली आला नाही. हा ताठ बसलेला, हनुवटी वर, चित्रात आहे तशी. मग ती गुहेत शिरली आणि त्याची दोन बोटं टेबलावरून सरळ, टकाटक चालत गेली.

कुणी काही बोललं नाही. माझं मात्र त्या रात्री लढाईत लक्ष लागलं नाही.

टेबल टेबल म्हणतेय ते म्हणजे डीएमच्या घरचा सोपो, पुढची पडवी. दोन बाजूंनी उघडा, पावसाचे तुषार आत येतात, खाली बागेत बेडूक एवढे ओरडतात की ड्रॅगनने गर्जना केली तरी डीएमला ती दोनदा करावी लागते. डीएम हायर सेकंडरीत गणित शिकवतो. माझी मावसबहीण म्हापशाहून स्कूटरने येते, ती वकील, त्यामुळे नियमांच्या पुस्तकातल्या एका वाक्यावर ती पाऊण तास खेळ अडवून धरू शकते. एक मडगावकर आहे तो बोटीवर असतो, क्रूझवर, सुट्टीवर घरी आला की खेळतो आणि कॉन्ट्रॅक्ट सुरू झालं की जातो, तेवढे महिने त्याचा पॅलाडिन कुठल्या ना कुठल्या तुरुंगात असतो. आतापर्यंत एवढ्या वेळा अटक झालेला धर्मनिष्ठ सरदार दुसरा कुठे सापडणार नाही. डीएम वर्णन मराठीत करतो, गोब्लिन मालवणीत भांडतात, लुटीचे हिशेब कोकणीत होतात आणि नियमांवरचं भांडण इंग्लिशमध्ये. लढाईचा नकाशा फोंड्यातच फ्लेक्सवर छापून घेतलाय, नुसत्या चौकटी, एक चौकट म्हणजे पाच फूट. फ्लेक्सवाला बिचारा विचारत होता की फोटो कुणाचा टाकायचा आणि वाढदिवस कधी आहे. त्यावर मार्करने भिंती काढायच्या आणि सेशन संपलं की स्पिरिटने पुसायच्या. गोब्लिन म्हणून काजूच्या बिया. मोठा राक्षस असला की जायफळ.

सुरुवातीला आमच्याकडे या खेळाला लागतो तो वीस बाजूंचा फासा पण नव्हता. डीएमने घरातल्या हाउजीच्या, म्हणजे तंबोल्याच्या, पिशवीतून एक ते वीसच्या सोंगट्या बाजूला काढल्या, त्या एका मोज्यात घातल्या आणि आम्ही मोज्यात हात घालून नशीब काढायचो. मोजा धुतलेला आहे हे तो दर वेळी सांगायचा. नंतर कळलं की १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा खुद्द डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खोक्यात सुद्धा फाशांऐवजी पुठ्ठ्याचे आकडे देत होते, म्हणजे आमचं काही फार चुकीचं चाललेलं नव्हतं. आता फासे आहेत, ऑनलाइन मागवलेले, गडद निळे, पावसाळ्यात हाताला थंड लागतात. पण बहीण अजून म्हणते की मोज्यात वीस जास्त वेळा यायचा. डीएम तिला दर वेळी तेच समजावतो, की वीस वेळा फासा टाकूनसुद्धा एकदाही वीस न येण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास असते, त्यात फाशाचा काही दोष नाही. ती वकिलासारखीच विचारते, मग दोष कुणाचा?

चित्रं मी कधीपासून काढते ते आठवत नाही. कुंडईला एका फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते, तिथे दिवसभर आकडे आणि सह्या, चुकीचा आकडा खोडायचा तर एकच आडवी रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. घरी येऊन कागदावर पाहिजे तेवढ्या रेघा मारता येतात, त्यांच्यावर सही लागत नाही, हे सुख आहे. पण गोव्याच्या पावसाळ्यात चित्र काढणं म्हणजे निम्मा वेळ कागदाशी भांडण. कागद दमट होऊन मऊ पडतो, निब टेकवलं की शाई हळूच बाजूला पसरते, एक पापणी काढावी तर तिची भुवई होते. रंगाचा एक थर सुकायला पंख्याखाली तासभर, तेवढ्यात लाईट जाते. मागच्या वर्षीच्या वहीला कडेने बुरशी धरली, हिरवी पांढरी, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या पानावरच्या जंगलाला ती शोभत होती. पेन्सिलींच्या डब्यात मी गोळ्यांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. तरीही जून ते सप्टेंबर मी जास्त काढते. बाहेर जाता येत नाही हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे कागद आपलं ऐकत नाही तेव्हा हात जरा जपून चालतो, मला ते आवडतं. गंगूच्या चित्रात सुद्धा तिच्या गालावरचा जो व्रण सगळ्यांना आवडला तो शाई पसरल्यामुळे झाला होता. तिला गालावर व्रण नव्हता. आता आहे. पुढच्याच सेशनला पोराने त्या व्रणाची गोष्ट तयार करून आणली होती, उकळत्या तेलाची, चांगली होती.

तर व्रण आला आणि पाय गेला, असा तो हिशेब. चित्राने काही दिलं आणि काही नेलं. नेलेलं मला का लागलं एवढं, ते शोधत होते.

बाबा पेडण्याचे. लहानपणी जत्रांच्या मोसमात ते आम्हाला गावी न्यायचे आणि रात्री दशावतार असायचा. मी दहा मिनिटांत झोपायची, उठायची ती संकासुराच्या आरडाओरड्याने, आणि त्याच्या काळ्या वेषाला घाबरून आईच्या पदरात. थोडी मोठी झाल्यावर मात्र मला पुढे बसण्यापेक्षा मागे जायला आवडायला लागलं. रंगपटात. तिथे पेटारे उघडे, त्यातून मुकुट, तलवारी, जरीचे शेले निघतायत, खोबरेल तेलाचा आणि पावडरचा आणि विडीचा एकत्र वास, एका बल्बखाली हातात आरसा धरून जो तो आपापलं तोंड रंगवतोय. दुसरा कुणी रंगवणारा नाही, ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं. दिवसा शेतात किंवा दुकानात असलेली माणसं. एक स्त्रीपार्टी होते, त्यांना मी टक लावून बघायची. लुगडं नेसून झालेलं, कुंकू झालेलं, बांगड्या झालेल्या, आणि पेटाऱ्यावर एक पाय वर घेऊन ते शांतपणे विडी ओढतायत, उद्या पंप दुरुस्तीला कुणाला बोलवायचं ते शेजारच्या भीमाशी बोलतायत. राणी अजून आलेली नाही. मी वाट बघत बसायची की ती कधी येते. लाली लावली तेव्हा नाही आली, मुकुट घातला तेव्हा नाही. पडद्यापाशी गेले, विडी विझवली, पदर सारखा केला आणि एक पाऊल टाकलं, त्या पावलात आली. चालण्यात.

आणि बाहेर काय, एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच राणीचं शयनगृह. मागे एक पडदा. लिहिलेली संहिता नाही, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, आणि मग उभं राहून बोलायचं, समोरचा काय बोलेल ते ऐकून उत्तर द्यायचं. पायपेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्याकडे बघून वाजवतात. एखादा राक्षस जास्तच रंगात आला की त्याला मरायला उशीर होतो, पहाट होते, लोक चालवून घेतात. मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा खेळले तेव्हा डीएम समजावत होता की यात स्क्रिप्ट नसते, प्रसंग मी सांगणार, बोलायचं तुम्ही, आणि मला वाटलं एवढंच ना, हे तर माहीत आहे. फक्त इथे राक्षसाला मारायला फासा लागतो. बाबांना एकदा मी हे सांगितलं. ते म्हणाले, फासा कशाला, समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की कळतं कधी मरायचं ते. बाबांनी स्वतः कधी काम केलेलं नाही हा भाग वेगळा.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला, लाकडी रंगाच्या खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईला हजार प्रती. त्या पुस्तिकांमधली चित्रं मी स्कॅन केलेली पाहिली आहेत आणि ती, कसं सांगू, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावरची आहेत. हात मनगटाला लागलेला नाही, घोड्याचा पाय कुठून निघाला ते घोड्यालाच माहीत. आताच्या पुस्तकांतली चित्रं बघा, एकेक पान तासभर बघत राहावं असं, मी त्यातूनच प्रकाश कसा टाकायचा ते शिकले. पण त्या जुन्या चित्रांकडे बघून कुणी स्वतःचा खांदा सरळ केला नसणार हे नक्की. त्यांत बघण्यासारखं इतकं कमी होतं की उरलेलं खेळणाऱ्यालाच भरावं लागत होतं.

हे मी डीएमला बोलून दाखवलं तर तो उलटाच शिरला. म्हणाला, तुझा आऊलबेअर आठवतो का, अर्धं घुबड अर्धं अस्वल, ज्याने तुला झाडावर चढवलं होतं? तो आला कुठून? तेव्हा तिकडच्या स्वस्त दुकानांत हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांची पाकिटं मिळायची, कुठल्याच प्राण्यासारखे न दिसणारे प्राणी, ओबडधोबड साच्यातले. गायगॅक्सने ते आणून टेबलावर ठेवले आणि त्यांना नावं दिली, ताकद दिली, सवयी दिल्या. लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर तसाच आला, आऊलबेअर तसाच. आधी आकार, मग गोष्ट. त्यामुळे चित्राने कल्पना मरते वगैरे मला सांगू नको, म्हणाला, गणितात सुद्धा आकृती काढल्याशिवाय पोरांना काही दिसत नाही.

त्याचं म्हणणं बरोबर असेल. पण ती खेळणी कुणाची ओळखीची नव्हती ना. गंगू आधीपासून कुणाच्या तरी खांद्यात होती.

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर झालेलंच आहे खरं तर. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. बाजारातली जाडी बाई, झग्यातला पाद्री, बाल्कांवावर, घरापुढच्या ओट्यावर, खुर्ची टाकून बसलेला म्हातारा, व्हायोलिनवाला, कुत्रं, कोंबडी, सगळं एकाच चौकटीत, आणि ते एवढं पक्कं की आता पणजीच्या मार्केटात एखादी ढब्बू बाई पिशव्या घेऊन भांडताना दिसली की आपण म्हणतो अगदी मारिओची. तिथल्या भिंतीवर त्यांची चित्रं आहेतच, म्हणजे खाली बाई आणि वर चित्र. मारिओ गेले २०११ मध्ये, पण टाइल्सवर, मगवर, टी-शर्टवर त्यांचा गोवा विकला जातोय आणि टुरिस्ट तो बघून मग खरा बघायला येतात. मला ते प्रचंड आवडतात, माझ्या कॉलेजच्या वह्या त्यांच्या रेघेची नक्कल करण्यात भरल्या. पण कधीतरी मला ती बाई मारिओच्या आधी कशी दिसायची ते बघायचं असतं आणि दिसत नाही. डोळ्यातून काढताच येत नाही.

व्हिडिओ गेमचं दुखणं वेगळं. म्हापशाला मावशीकडे कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही भावंडं रोड रॅश आणि एज ऑफ एम्पायर्सवर अख्ख्या सुट्ट्या काढायचो, चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरती चाललेली असायची आणि आतल्या खोलीत कुणाचा तरी किल्ला पडत असायचा, आरती संपेपर्यंत धीर नसायचा. आता पीसीवर मोठे रोल-प्लेइंग गेम खेळते. त्यात सुरुवातीला स्वतःचं पात्र तयार करायचं असतं, नाकाची रुंदी, नाकाचा उतार, नाकपुडी, प्रत्येकाला वेगळा स्लायडर. मी त्यात दीड तास घालवते, नवरा जेवायला हाका मारून थकतो. मग पहिल्या अर्ध्या तासात चांगलं शिरस्त्राण मिळतं आणि ते नाक पुढचे शंभर तास कुणालाच दिसत नाही, मला पण नाही. तरी पुढच्या गेमला परत दीड तास. यात शहाणपण काही नाही. पण त्या पात्राची चाल मात्र मला कधी ठरवता आलेली नाही, ती कंपनीने आधीच ठरवलेली, सगळ्यांची सारखी. म्हातारी केली तरी ती तरण्या सैनिकासारखीच धावते.

चतुर्थीच्या आधी एका कोरड्या रविवारी आम्ही सगळे सांग्याकडे गेलो होतो, उसगाळीमळला, कुशावतीच्या काठी. मडगावकराची गाडी, वाटेत भाजी-पाव, बहिणीचं नेव्हिगेशन, म्हणजे दोनदा रस्ता चुकलो. तिथे जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक माणसांनी कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, मोर, माणसं. १९९३ पर्यंत अभ्यासकांना पत्ताही नव्हता, गावच्या लोकांना अर्थात होता. आणि एक गोल चक्रव्यूह आहे, एकात एक फिरत जाणाऱ्या रेघांचा. पावसात कातळावर चिखल बसलेला, आम्ही बाटलीतलं पाणी ओतलं तेव्हा रेघा वर आल्या. डीएम गुडघ्यावर बसून बोटाने त्या रेघेतून आत जात होता आणि तोंडाने पुटपुटत होता, पुढचा डन्जन मिळाला म्हणून. मी बाजूच्या बैलाकडे बघत होते. शिंगं पक्की, पाठीची रेघ एका दमात मारलेली, खोल, आणि पाय जेमतेम. चार काड्या. ज्याने काढला त्याला बैलाचे पाय येत नव्हते अशातला भाग नसणार, रोज बघत असेल तो बैल. ती पाठीची रेघ मारून झाली आणि त्याचं काम झालं, असं मला उगाच वाटलं. त्या काळच्या माणसाच्या मनातलं आपण काय सांगणार. पण परत येताना गाडीत मी ठरवलं की पोराला सरळ विचारायचं.

तो मागच्या सीटवर माझ्या बाजूलाच होता, कुणाचा तरी फोन उघडून मांडीवर घेऊन बसलेला, रविवारी सुद्धा. म्हटलं, गंगूचा पाय बरा झाला का रे? म्हणाला, कसला पाय? म्हटलं, ती लंगडायची ना, डावा पाय ओढत. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी विचित्र बोलले. गंगू कुठे लंगडते? पुढून मडगावकर म्हणाला, लंगडते मरे, मी तुरुंगात जायच्या आधीपासून लंगडते. बहीण म्हणाली, लंगडते म्हणजे काय, पुलावर आपण तिच्यासाठी थांबलो होतो, ऑन रेकॉर्ड आहे. सगळे एकदम बोलायला लागले आणि हा आमच्याकडे आळीपाळीने बघतोय. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी विचारलं, तुझ्या आजीवरून वगैरे घेतलीस का, असं मला वाटत होतं. म्हणाला, नाही गे, आमच्या आजीचे पाय धड आहेत, अजून माडाखालचे नारळ गोळा करते. मग थोडं थांबून म्हणाला, तुझ्या चित्रात तिला चपला नाहीत तेवढं मात्र मला खटकलं होतं, बोललो नाही.

चपला! पाय काढताना मी दोन तास बोटांवर घालवले होते.

मला जरा हसू आलं आणि जरा राग पण आला, कुणाचा ते कळेना. म्हणजे एवढे दिवस मी ज्या गोष्टीचं दुःख करत होते ती ज्याची त्याला ठाऊकच नव्हती, ती आमच्याकडे होती, बघणाऱ्यांकडे. आणि आता आम्ही सांगून ठेवली तर पुढच्या शनिवारी काय होणार हे दिसतच होतं. तसंच झालं. गंगू लंगडत आली. मुद्दाम, ठळक, दर पावलाला एक कण्हणं. बहिणीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. तीन-चार सेशन हे चाललं, मग तो विसरला, आता कधी लंगडते कधी नाही, ज्या दिवशी दुकानात जास्त काम असतं त्या दिवशी जास्त लंगडते असं माझं निरीक्षण आहे, पण ते मी कुणाला सांगणार नाही. चित्र अजून त्याच्या डीपीला आहे. डीएमने पुढच्या कॅम्पेनसाठी सगळ्यांची चित्रं काढून दे म्हणून मागे लावलंय आणि मी देते, देते करत ढकलतेय.

त्याऐवजी मला दुसराच नाद लागला. पाठमोरी माणसं. तोंड काढायचंच नाही, चालणारा माणूस मागून कसा दिसतो तेवढंच, अर्ध्या मिनिटात, खिशात मावेल एवढ्या वहीत. कदंबाच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवर उभं राहिलं की हवा तेवढा माल मिळतो. वजन कुठल्या पायावर पडतं, पिशवी धरली की कंबर कुठे जाते, वय गुडघ्यात दिसतं की मानेत, हे मला इतकी वर्षं चित्रं काढून माहीत नव्हतं, मी तोंडंच काढत बसले होते. एक अट आहे, त्याला कळता कामा नये. कळलं की चाल गेलीच. शाळेतली पोरं सगळ्यात कठीण, त्यांना पाठीलाही डोळे असतात. म्हातारे सोपे, त्यांना कोण बघतंय याची पर्वा नसते, निदान मला तसं वाटत होतं.

मागच्या आठवड्यात सकाळी फोंड्याच्या मासळी बाजारात गेले होते. एक म्हातारी मासे विकायला बसते, चांगली सत्तरीची, ती टोपलीतलं बर्फ सारखं करायला वाकली होती, एक हात गुडघ्यावर, पाठीचा बाक, लुगड्याचा काष्टा, डावा पाय किंचित बाहेर फेकलेला. अगदी गंगू. मी खांबाच्या आडोशाला वही काढली. पाठीची रेघ एका दमात आली, त्या पायापर्यंत पोचले आणि तिने मागे न बघताच विचारलं, काय लिहितेस गं तिथे म्हणून, "कितें बरयता गो थंय?"

"बरयना, चित्र काडटां," मी म्हटलं.

"म्हजें?"

"हय."

"मागीर फाटल्यान कित्याक? मुखार यो मगो." म्हणजे मग मागून कशाला, समोर ये की. आणि ती उठली, हात लुगड्याला पुसले, केसांतली आबोली चाचपून सारखी केली, दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिली आणि आधार कार्डाच्या फोटोत असतो तसा चेहरा करून माझ्याकडे बघत राहिली. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या, एकीने तिला पदर नीट घे म्हणून सांगितलं. आता तोंड काढण्यावाचून इलाज नव्हता. काढलं, पान फाडून दिलं, तिने ते लांब धरून बघितलं, नाक मोठं झालंय म्हणाली, आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. मग बांगडे शंभराला चार लावले. बाजूच्या बाईकडे पाच मिळत होते.